मालिकेतली आई आणि आपली भावकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात कोर्टाजवळ माझं दस्त लिहायचं काम चालतं. खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारस नोंदीचे अर्ज. कोरेगाव, खटाव, माण, पाटण, जावळी, सगळीकडून बायका येतात, आणि बोलणं पुष्कळदा सुरू होतं ते आदल्या रात्रीच्या मालिकेपासून. "ताई, काल तिनं लेकरासाठी सगळं घर अंगावर घेतलं बघा. आपल्यात असं चालंल का?" पहिली काही वर्षं मी विषय बदलायची. मग ध्यानात आलं की मालिकेच्या आडून ती बाई स्वतःचंच विचारते आहे. जावेचं, दिराचं, विहिरीच्या पाळीचं थेट बोलायला जीभ रेटत नाही. मालिकेतल्या आईचं नाव घेतलं की ती सुटते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न म्हणून इथे उतरवून ठेवले आहेत. कायद्याचं जे सांगितलंय ते हिंदू कुटुंबांपुरतं आहे, आणि तुमचे कागद वकिलाने बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मालिकेत आई नेहमी वाघिणीसारखीच का असते?

कारण ती तिथून उठून जाऊ शकत नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली. एवढी लांब गोष्ट ओढायची तर घरात असं एक माणूस लागतं, ज्याला कुठल्याही भांडणातून अंग काढून घेता येत नाही. भाऊ वाटणी करून वेगळे होतील. नवरा-बायको सोडचिठ्ठी घेऊन मोकळे होतील. दीर मुंबईला निघून जाईल. लेकरू त्या घरात आहे तोवर आईला मात्र दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. जमीन, धंदा, मान, जुनं वैर, काहीही पेटलं तरी त्याची झळ लेकरापर्यंत येते आणि ती मध्ये उभी राहते.

दुसरं कारण आपण, बघणारे. आईने कागद लपवला, खोटी शपथ घेतली, कुणाच्या कानाखाली काढली, तरी आपण तिच्याच बाजूने असतो. घरातल्या दुसऱ्या कुणालाही एवढी माफी नाही. हे लिहिणाऱ्यांना नीट ठाऊक असतं. माझी आई रोज साडेसातला टीव्हीसमोर बसते. लेकराच्या अंगावर कुणी धावून गेलं की ती नकळत हातातली परडी पोटाशी धरते. ते बघितल्यापासून मालिकांना नावं ठेवायचं मी बंद केलं.

पण ती सगळं लपवून का ठेवते? एकदा सांगून टाकलं तर भांडण मिटेल ना?

मिटेल, म्हणूनच मालिकेत ती सांगत नाही. पण खऱ्या घरातल्या आयाही सांगत नाहीत, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

एक बाई आल्या होत्या. थोरल्याने विकास सोसायटीचं कर्ज उचललेलं, फेडलेलं नाही. आईला माहीत. धाकट्याला कळलं तर भावाभावांत फूट पडेल म्हणून तिने आठ वर्षं अवाक्षर काढलं नाही. बांगड्या मोडून दोनदा हप्ता भरला. शेवटी धाकट्याला ठिबकसाठी कर्ज हवं होतं, त्याने सातबारा काढला आणि इतर हक्काच्या रकान्यात कर्जाचा बोजा दिसला. आता तो भावाशी बोलत नाहीच, आईशीही बोलत नाही. "माझ्यापासनं तू का लपवलंस" हा त्याचा प्रश्न, आणि त्याला त्या बाईकडे उत्तर नव्हतं. कर्जाची रक्कम फार मोठी नव्हती. आठ वर्षांपूर्वी तिघे एकत्र बसले असते तर एका ऊसबिलात विषय संपला असता.

आपल्याकडे आईला 'राखणं' एवढंच माहीत असतं. राखणं म्हणजे झाकणं नव्हे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

एवढी गुंतागुंत खऱ्या घरात होते तरी का? पळवलेलं मूल, लपवलेला नातू, तोतया वारस...

साताऱ्यात राहून हा प्रश्न पडायला नको. मान वर करून अजिंक्यताऱ्याच्या किल्ल्याकडे बघा.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाईंचा मुलगा शिवाजी जेमतेम चार वर्षांचा होता. त्याला गादीवर बसवून त्या बाईने सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. बादशहा दक्षिणेतच १७०७ साली मेला, आणि मोगलांनी संभाजी महाराजांच्या मुलाला, शाहूंना, सोडून दिलं. आता गादी कुणाची? पुतण्या घरी येतोय आणि आपल्या लेकराची जागा जाणार, हे दिसल्यावर ताराबाईंनी शाहू तोतया असल्याचा पुकारा केला. संभाजी महाराजांचं राज्य बुडालं, नवं राज्य माझ्या नवऱ्याने उभं केलं, म्हणून ते माझ्या मुलाचं, असाही दावा मांडला. भीमेकाठी खेडजवळ लढाई झाली. शाहू जिंकले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर मुलाची वेगळी गादी मांडली.

पण घरात आणखी एक आई होती. राजाराम महाराजांची दुसरी एक राणी राजसबाई, आणि तिलाही मुलगा. १७१४ साली तिने ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं आणि आपल्या संभाजीला कोल्हापूरच्या गादीवर बसवलं. ताराबाईंचा मुलगा कैदेतच, १७२६ साली गेला.

आणि मग लपवलेला नातू. शाहूंना वारस उरला नव्हता. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, माझ्या मुलाच्या मृत्यूनंतर जन्मलेला नातू जिवंत आहे, राजसबाईच्या भीतीने त्याला गुपचूप बाहेर काढून वाढवला. शाहू डिसेंबर १७४९ मध्ये वारले आणि हाच रामराजा छत्रपती झाला. नातू आजीच्या शब्दाबाहेर गेला, पेशव्यांना बाजूला करायला तयार होईना, तेव्हा २४ नोव्हेंबर १७५० रोजी त्याच आजीने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पुढे १७५२ साली जेजुरीत खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितलं की हा माझा नातू नाहीच.

मी लहानपणापासून ताराबाईंना मानते. औरंगजेबासारख्या बादशहासमोर पंचविशीच्या आतबाहेरची विधवा उभी राहते, ही लहान गोष्ट नाही. त्यांचा शेवट १७६१ साली इथेच झाला, त्यांची समाधी संगम माहुलीला कृष्णाकाठी आहे. पण पुतण्याला तोतया म्हणण्यापासून सुरू झालेली वाट स्वतःच्या नातवाला तोतया म्हणण्यापर्यंत गेली, हे मला त्या घाटावर गेल्यावर दरवेळी आठवतं. लेकरू राखता राखता लेकराची गादी राखणं कधी सुरू झालं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

मग चांगली आई कोण?

मी कुणाला गुण देणारी नव्हे. पण येसूबाईंबद्दल मालिकेच्या वेळेतही आपण फार कमी बोलतो. १६८९ साली रायगड पडला तेव्हा त्या सात वर्षांच्या शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या. अठरा वर्षांनी मुलगा सुटला, तेव्हा आई ओलीस म्हणून मागेच राहिली. त्या परत आल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं. तीस वर्षांत एक तलवार उपसली नाही, कुणाला शाप दिला नाही. ती फक्त लेकराजवळ राहिली, आणि जवळ राहणं लेकराला धोक्याचं होतं तेव्हा मागे राहिली. यावर अडीचशे भाग निघणार नाहीत कदाचित. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत अशा पुष्कळ असतात.

मालिकेत आई सगळ्यांसमोर हक्कसोड पत्र फाडते. फाडल्यावर ते रद्द होतं का?

नाही. एकदा नोंदणी झाली की दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात राहते, कुणीही नक्कल काढू शकतं. फाडलात तो तुमचा कागद. नोंदणी झालेलं हक्कसोड रद्द करायचं तर ज्यांच्या लाभात सोडलं त्यांच्या संमतीने नवा दस्त, नाहीतर दिवाणी न्यायालय. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. हे 'कळल्यापासून' फार महत्त्वाचं आहे. बायका "बघू पुढं, दिवाळी होऊ दे, भाच्याचं लग्न होऊ दे" करत थांबतात आणि तीन वर्षं निघून जातात.

उलट बाजूही ऐका. साध्या कागदावर, किंवा नोटरी केलेल्या पाचशेच्या स्टँपवर "माझा हक्क सोडला" लिहून घेतलं असेल आणि नोंदणी नसेल, तर स्थावर मिळकतीतला हक्क तेवढ्याने सुटत नाही. भावाने असा कागद दाखवून दम दिला तर घाबरू नका, मूळ कागद बघायला मागा.

मुलगा वारला. आता सून म्हणते घर माझं, सासू म्हणते माझं. कुणाचं?

दोघींचं, आणि मुलांचंही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे त्याची मुलं, मुली, बायको आणि आई. मागे बायको, आई आणि दोन मुलं असतील तर त्याच्या मिळकतीचे, किंवा सामायिकातल्या त्याच्या हिश्शाचे, चार सारखे भाग. वडील हयात असले तरी त्यांना या वर्गात जागा नाही. आईला आहे. हे ऐकून सासवा चकित होतात. मुलगा गेल्यावर आपण आता सुनेच्या दयेवर, असं त्यांनी मनाने मान्य केलेलं असतं.

सुनांनाही सांगते. नवऱ्याचा वाटा एकदा तुमचा झाला की पुन्हा लग्न केलंत म्हणून तो परत जात नाही. आणि घर सासूच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथे संसार केलेला असेल तर हातात पिशवी देऊन दाराबाहेर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहण्याचा हक्क मागता येतो. तो कायदा सासूलाही वापरता येतो, विधवा बहिणीलाही.

या प्रकरणांत मला सर्वात जास्त वाईट वाटतं. एकीचं लेकरू गेलंय, दुसरीचा नवरा. दोघीही उरलेल्या नातवासाठीच भांडतात, आणि नातू दोघींच्या मध्ये ऑफिसच्या बाकड्यावर बिस्किटाचा पुडा धरून बसलेला असतो. मी दस्त बाजूला ठेवून आधी चहा मागवते. कधी कधी चहा संपेपर्यंत एकीने दुसरीचा हात धरलेला असतो. नेहमी नाही.

बँकेत नॉमिनी आई आहे. मग पैसे तिचेच ना?

नॉमिनीने पैसे घ्यायचे आणि वारसांना त्यांचा वाटा द्यायचा. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

बाप नसलेल्या मुलाची जमीन काका विकू शकतो का? मालिकेत तर सरळ अंगठा घेतात.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत खुद्द आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ तेच सांगतं. असा व्यवहार झालाच तर मूल अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांत तो रद्द करून मागू शकतं. सामायिक कुटुंबाच्या जमिनीत कर्त्याने केलेल्या व्यवहाराला वेगळे नियम आहेत, म्हणून कागद वकिलाला दाखवा असं म्हणते.

आणि बाप हयात असून घराकडे ढुंकून बघत नसेल तर? बाप असताना आई पालक होऊच शकत नाही, असं पूर्वी सर्रास सांगितलं जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात ते मोडून काढलं. बाप लक्ष देत नसेल तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते.

आता सातबाऱ्यावरच्या दोन छोट्या खुणांबद्दल, कारण त्यांत मोठमोठी भांडणं दडलेली असतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाचं नाव, पुढे अ.पा.क., पुढे आईचं नाव. आणि 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलेलं असतं, बाकीच्यांची नावं उताऱ्यावर दिसतच नाहीत. दोन पिढ्यांनंतर थोरल्याच्या घरचे म्हणतात, सगळं आमचंच, उतारा बघा.

माझी आजी कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात १९६१ साली विधवा झाली. वय असेल पंचवीस-सव्वीस. दोन मुलगे, एक मुलगी. चुलत दीर ए.कु.मॅ. होता आणि त्याने सांगितलं, "वैनी, पोरं मोठी झाल्यावर बघू." आजीला अक्षर येत नव्हतं. पण तिने ऐकलं होतं की नाव लागलं नाही तर जमीन जाते. ती तीन पावसाळे चावडीवर खेपा घालत राहिली. धाकटं पोर पाठीला बांधून जायची, असं वडील सांगतात. एकदा दिराने वाटेत अडवून हातातली पिशवी फेकली. ती पिशवी उचलून परत चालू लागली. शेवटी उताऱ्यावर माझ्या वडिलांचं आणि काकांचं नाव लागलं, अ.पा.क. म्हणून तिचं. आमच्या घरात ही गोष्ट दर सणाला सांगतात.

त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. माझ्या आत्याचं नाव तिने लावलं नाही. तेव्हा १९५६ चा कायदा येऊन पाच वर्षं झाली होती, वडिलांच्या हिश्शात मुलीचाही वाटा होता. आजीला ते ठाऊक नसेल. ठाऊक असतं तरी लावलं असतं का, मला सांगता येत नाही. दोन्ही मुलगे राखायला ती अख्ख्या भावकीच्या अंगावर गेली. मुलगी राखायची असते ती लग्न करून देईपर्यंत, असंच तिला वाटत असणार.

मुलीने वाटा मागितला की माहेर तुटतं, हे खरं ना?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, बहुतेक वेळा हलक्या आवाजात. आधी हक्क सांगते, मग माहेराचं.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, मुलाइतकीच. महाराष्ट्राने हा बदल १९९४ सालीच केला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि लग्नाची अटही गेली. तरी "त्या दिवशी वडील हयात नव्हते, म्हणून तुला नाही" असं सांगून बहिणींना परत पाठवलं जाई. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा वाद संपवला. वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

आता माहेर. भाऊ गाडी करून बहिणीला सह्या द्यायला आणतो. वाटेत साडी घेतो, हॉटेलात जेवू घालतो. बहीण माझ्यासमोर बसते, मी दस्त वाचून दाखवते आणि विचारते, ताई, समजलं ना काय सोडताय? ती मान हलवते. शेजारी आई बसलेली असते, आणि आई म्हणते, "सही कर गं. त्याच्यामागं दोन पोरं हायत." मुलाच्या पोरांची काळजी असलेली ही आई वाईट नाही. तिला म्हातारपणी त्याच्याच दारात राहायचंय, हे ती जाणते. पण लेकीच्या मागेही दोन पोरं असतात, आणि ती त्या क्षणी कुणाच्याच डोळ्यासमोर नसतात.

मालिकेतली आई सुनेविरुद्ध उभी राहते, दिराविरुद्ध, व्याह्याविरुद्ध. मुलाला समोर बसवून "तुझ्या बहिणीचा वाटा काढून ठेव" म्हणणारी मी तरी अजून बघितलेली नाही. कुणी लिहिली तर माझ्या टेबलावरचं निम्मं रडणं थांबेल.

आणि वाटा मागितला म्हणून जे माहेर तुटतं, त्याच्या भाऊबीजेच्या ताटात त्याआधी काय होतं, हे त्या बहिणीने एकदा शांतपणे आठवून बघावं. ज्यांनी राजीखुशीने सोडलंय त्यांना मी काहीच म्हणत नाही. राजीखुशी असली की ती चेहऱ्यावर दिसते, साडीची घडी मोडेपर्यंत थांबावं लागत नाही.

दुसऱ्या बाईची मुलं मालिकेत हिस्सा मागायला येतात. त्यांना मिळतो का?

पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने शून्य. मुलं मात्र औरस धरली जातात आणि आईवडिलांच्या मिळकतीत त्यांना वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत जो हिस्सा वडिलांचा निघेल त्यातही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. इतर नातेवाइकांच्या हिश्शावर त्यांचा हक्क नाही. मुलांनी काही गुन्हा केलेला नसतो, एवढं पहिल्या घरच्या आईने मनाशी ठेवलं तर पुष्कळ कटुता टळते. हे सांगणं सोपं आहे, तिच्या जागी बसणं नाही, ते मला माहीत आहे.

बेपत्ता नवरा दहा वर्षांनी परत येतो...

सात वर्षं ज्यांना ठावठिकाणा कळायला हवा होता त्यांना काहीच कळलं नाही, तर तो मृत असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. त्यासाठी दावा करावा लागतो, आपोआप होत नाही. माणूस दारात उभा राहिला की ते गृहीतक संपतं. पुढचं तारतम्याने आणि वकिलाच्या सल्ल्याने.

उशीखाली सापडलेलं मृत्युपत्र खरं मानतात का?

मानू शकतात. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात, आणि मृत्युपत्रं एकाहून जास्त असतील तर शेवटचं धरतात. तरी नोंदवा. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि लाभार्थी नसलेला घ्या. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या मृत्युपत्रावर अठ्ठ्याहत्तरीचा मित्र साक्षीला असतो, आणि वेळ येते तेव्हा दोघेही नसतात.

मुलासाठी सगळं केलं, सगळं त्याच्या नावावर केलं, आता तो विचारत नाही.

हा प्रश्न मालिकेच्या आडून येत नाही. तो सरळ येतो, डोळ्यांत पाणी घेऊन.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. साध्या कागदावर, वकील नसला तरी चालतं. महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. आणि सांभाळायच्या अटीवर मिळकत बक्षीस दिली असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. म्हणून माझ्याकडे कुणी आई बक्षीसपत्र करायला आली की मी ती अट दस्तात लिहायचा आग्रह धरते. मुलगा शेजारी बसलेला असतो, त्याला राग येतो. आई म्हणते, "नगं लिहू, त्याला काय वाटंल." मी तरी दोनदा सांगते. तिसऱ्यांदा तिची मर्जी.

आता नावात आईचंही नाव लावायचं म्हणे?

१ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. चावडीवर तीन पावसाळे खेपा घालणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर लागलं ते 'पालनकर्ता' म्हणून. नातवंडांच्या पुढच्या पिढीत ते मधोमध येईल.

आमच्या गावात शूटिंग झालं होतं, तो वाडा खरा आहे का?

वाई, मेणवली, साताऱ्याच्या आसपासची गावं, इथे पुष्कळ मालिकांचं आणि सिनेमांचं चित्रीकरण होत आलंय. वाडे खरे असतात, घाटही. 'लागिरं झालं जी' आली तेव्हा आपली "व्हय" आणि "न्हाय" घराघरांत ऐकू आली, आणि साताऱ्याच्या पोरी मुंबईत गेल्यावर बोली लपवेनाशा झाल्या. तेवढ्यासाठी मी त्या मालिकेची ऋणी आहे.

मला आता काहीतरी करायचंय. कुठून सुरू करू?

भांडणापासून नको. कागदापासून करा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, बघा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. मोबाइलवर जमत नसेल तर सेतूत जा. इतर हक्काचा रकाना वाचा, सगळा. मग जुने फेरफार, म्हणजे नावं चढल्या-उतरल्याच्या नोंदी, काढा, कारण नाव कधी गळालं ते तिथेच कळतं. नव्या फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं "बघतो मावशी" कुठल्याही वहीत चढत नाही. घरात कुणी वारलं असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. वर्षानुवर्षं राहून गेला असेल तरी देता येतो. मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला २०२५ साली शासनाने राज्यभर जिवंत सातबारा मोहीम काढली, म्हणजे अशी किती घरं असतील त्याचा अंदाज करा. आणि अर्जात बहिणींची, मुलींची नावं गाळू नका. वारसाचं नाव लपवणं हे खोटं प्रतिज्ञापत्र होतं.

एवढं झाल्यावर घरच्यांना एकत्र बसवा आणि उतारा मोठ्याने वाचून दाखवा. जिथे आवाज चढेल तिथेच तुमच्या घरातलं गुपित असेल.

तुमच्या आत्याचं पुढे काय झालं?

आजीची गोष्ट सांगितली की हे प्रत्येक बाई विचारते, म्हणून लिहिते.

आत्या कधी काही बोलली नाही. भाऊबीजेला यायची, आजीच्या पायाला तेल लावायची, परत जायची. आजी गेल्यावर मी या कामाला लागले आणि एकदा सवयीने घरचा उतारा काढला. वडिलांना विचारलं, आत्याचं नाव कुठंय? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आईनं लावलं न्हाय, आन् आमी बघितलं न्हाय." काकांना मनवायला दीड वर्ष लागलं. काकू आजही माझ्याशी मोजकंच बोलते. अर्ज मी लिहिला, दोन्ही भावांनी जबाब दिले, नोटीस निघाली, पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढे होती.

उतारा घेऊन मी तिच्या गावी गेले. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, यात माझं कुठलं? मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या ओळीवर तिचं बोट ठेवलं, आणि मग जरा वर सरकवून विचारलं, "आन् ह्यात आई कुठंशी हाय?" आजीचं नाव मयत म्हणून कमी झालेलं होतं. मी जुना फेरफार पिशवीतून काढला आणि अ.पा.क. दाखवलं. दोन्ही कागद तिने एकात एक घडी करून लुगड्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवले.